पिल्लूच कशाला?

‘पिल्लूच घ्या, वाढलेला पोपट कधी आपला होत नाही,’ हे वाक्य गेल्या दोन महिन्यांत मी इतक्या तोंडांतून आणि इतक्या एकाच सुरात ऐकले आहे की, ते बोलणारी माणसेच कोणीतरी पढवून सोडली असावीत, अशी शंका मला येऊ लागली आहे. बोलणाऱ्यांत एक पशुवैद्य होते, एक निवृत्त शिक्षिका होत्या, आमच्या शेजारचे गुजराती गृहस्थ होते (त्यांनी ‘पाके घडे कांठा न चडे’ ही आपल्या भाषेतली म्हण जोडून वाक्याला वजन आणले), आणि माझा सख्खा भाचाही होता. यांपैकी एकानेही वाढलेला पोपट घरी आणून पाहिलेला नाही. पिल्लू आणून ते दहा वर्षांचे होईपर्यंत सांभाळलेलाही कोणी नाही. तरी मत मात्र पक्के, भाजलेल्या घड्यासारखे.

प्रसंग साधा आहे. दांडियाबाजारात राहणारे आमचे एक स्नेही गेल्या वर्षअखेर वारले. इंजिनियर होते, निवृत्तीनंतरचा सारा काळ त्यांनी एका करड्या आफ्रिकन पोपटाच्या संगतीत घालवला. पक्षी आज तेवीस वर्षांचा आहे. नाव राघोबा. वहिनी आता पुण्याला मुलाकडे जाणार. तिथे नातवाला दम्याचा विकार, आणि या जातीच्या पिसांतून पिठासारखी पांढरी भुकटी अखंड झडत असते. तेव्हा राघोबा पुण्याला जाऊ शकत नाही. त्याच सुमारास माझ्या भाच्याच्या घरी नऊ वर्षांच्या मुलीने पोपटाचा हट्ट धरला होता. देवाने जुळवून आणावी अशी ही गाठ! मी भाच्याला सांगितले. तो दोन दिवस गप्प राहिला आणि तिसऱ्या दिवशी मोबाईलवर एक छायाचित्र घेऊन आला. त्यात सहा आठवड्यांचे, अर्धवट पिसे फुटलेले, काळ्याभोर डोळ्यांचे एक पिल्लू टॉवेलात गुंडाळलेले होते. ‘मामा, हे आणायचं ठरतंय. आगाऊ रक्कम दिली की पंधरा दिवसांत घरपोच. राघोबा चांगला आहे हो, पण तो काकांचा आहे. आमचा कसा होणार?’

या ‘आमचा कसा होणार’ला उत्तर द्यावे, एवढ्यासाठी हा लेख.

पहिल्याने एक गोष्ट बाजूला काढून ठेवतो. आपल्या रानातला हिरवा राघू, पहाडी पोपट, तोई पोपट यांचा या चर्चेशी संबंध नाही. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा. देशी पक्ष्यांच्या व्यापाराला १९९०-९१ पासून बंदी आहे. माझ्या बहिणीच्या लहानपणी घरोघर राघूचा पिंजरा टांगलेला असे, हे खरे. पण आज तो टांगणे हा गुन्हा आहे, पिल्लू असो की म्हातारा असो. वाद आहे तो परदेशी जातींचा, ज्या इथल्या पिंजऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या आणि विकल्या जातात.

आता ते टॉवेलातले पिल्लू पाहू. पाहणाऱ्याला ते गोंडस दिसते. माझ्या भाचेसुनेच्या डोळ्यांत तर पाणीच आले. पण सहा आठवड्यांचे करड्या पोपटाचे पिल्लू टॉवेलात का आहे, हा प्रश्न तिला सुचला नाही. अंड्यातून बाहेर पडल्यापासून उडू लागेपर्यंत या जातीला अडीच ते तीन महिने लागतात, आणि रानात त्यानंतरही ते आईबापांच्या मागे हिंडत, कोणते फळ कसे फोडावे आणि कोणत्या सावलीला भ्यावे हे शिकत असते. पैदास करणारा मात्र दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच त्याला ढोलीतून उचलतो. कारणे दोन. पिल्ले गेली की मादी पुन्हा अंड्यावर बसते, हे एक. दुसरे असे की, पिचकारीने पेज भरवलेले पिल्लू गिऱ्हाइकाच्या हातावर निमूट बसते. या व्यवहाराला बाजारात ‘माणसाळवणे’ म्हणतात. आईबाप दिसू न दिलेल्या जिवाने समोर येईल त्या हाताला चोच लावावी, यात प्रेम कोठे आले? ती भूक आहे.

पुढची गोष्ट त्याहून वाईट. पिल्लू स्वतः टिपून खाऊ लागेपर्यंत तरी पैदास करणाऱ्याने ते सांभाळावे; पण तसे केल्यास दिवसातून चार-पाच वेळा भरवण्याची मेहनत त्याच्या गळ्यात पडते. म्हणून ते अर्धवट वयातच विकायचे, आणि विकताना सांगायचे की, ‘तुमच्या हाताने भरवलेत की जन्मभर तुमचेच!’ आपली मेहनत दुसऱ्याच्या गळ्यात घालून वर तिची किंमत घेण्याची ही युक्ती इतकी सफाईदार आहे की, गिऱ्हाईक तिला भाग्य समजते. पेज चाळीस अंशांच्या आसपास कोमट लागते. जरा अधिक तापली तर गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून भाजते, आणि ते पुढे काही दिवसांनी, कातडीला भोक पडून पेज बाहेर झिरपू लागली म्हणजे कळते. गार झाली तर ती पिशवीतच आंबते. पिचकारी घाईने दाबली तर पेज श्वासनलिकेत शिरते आणि पिल्लू हातातच संपते. हे सारे माझा भाचा शिकणार कोठे? मोबाईलवर. आणि कोणावर शिकणार? त्या पिल्लावर.

समजा, ते वाचले. (पुष्कळ वाचतात, मी भीती घालू इच्छीत नाही.) मग ‘आपले’ होण्याची कथा पुढे कशी जाते? काळेभोर डोळे दीड-दोन वर्षांत पिवळट पांढरे होतात, आणि तीन ते पाच वर्षांच्या वयात पक्षी वयात येतो. तोवर सर्वांच्या खांद्यावर बसणारा पोपट आता घरातल्या एका माणसाला आपली जोडी मानू लागतो व बाकीच्यांना चावू लागतो. तो एक माणूस कोण असावा, हे पक्षी ठरवतो. पैसे कोणी दिले, पेज कोणी भरवली, याचा हिशेब तो ठेवीत नाही. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी याच करड्या जातीच्या पाळीव पक्ष्यांची पाहणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हाताने वाढवलेल्या पक्ष्यांत आक्रमकपणा आणि माणसामाणसांत डावेउजवे करण्याची वृत्ती आईबापांनी वाढवलेल्यांपेक्षा अधिक, असे त्यांना आढळले. म्हणजे ज्या गुणासाठी पिल्लू घ्यायचे, नेमका त्याच गुणाचा भरवसा नाही. पिल्लू घेणारा स्वभाव विकत घेत नाही, स्वभावाची सोडत विकत घेतो. वाढलेल्या पक्ष्याचे तसे नाही. तो चावरा असेल तर पहिल्या भेटीतच चावेल. बायकांपेक्षा पुरुष आवडत असतील तर तेही दहा मिनिटांत दाखवील. जो आहे तो समोर आहे. मुलीसाठी स्थळ पाहताना आपण याहून कमी माहितीवर होकार देतो.

आमच्या वाङ्मयप्रेमी मंडळींना मी येथे एक आठवण करून देतो. कथेच्या एका सबंध प्रकाराला आपण मराठी माणसांनी ‘कादंबरी’ हे नाव दिले, आणि ते ज्या ग्रंथावरून दिले त्या बाणभट्टाच्या ग्रंथातली कथा सांगतो कोण? पोपट. शूद्रक राजाच्या सभेत चांडालकन्या सोन्याच्या पिंजऱ्यातून वैशंपायन नावाचा शुक आणते, आणि तो शुक आपली हकीगत सांगू लागतो. त्या हकीगतीचा आरंभ आपल्यापैकी किती जणांना स्मरतो? पंपासरोवराकाठचा प्रचंड शाल्मली वृक्ष. त्याच्या ढोल्यांतून राहणारी पोपटांची वस्ती. आणि शबरांची टोळी पुढे निघून गेल्यावर मागे राहिलेला एक म्हातारा शबर. तो झाडावर सहज चढतो आणि उडता न येणारी पिल्ले, झाडाची फळे तोडावीत तशी, एकेक काढून, माना मुरगाळून खाली टाकू लागतो. वैशंपायनाचा बाप वृद्ध, पंख झडलेले, आई प्रसूतीतच गेलेली. बाप काय करतो, तर पिल्लाला पंखांखाली घेऊन बसून राहतो. दुसरे त्याला काही करता येत नाही. शबराचा हात ढोलीत येतो, बाप मरतो, आणि पंखांत दडलेले पिल्लू शबराच्या नजरेस न पडता वाळल्या पानांच्या राशीवर पडून वाचते. सातव्या शतकात, हर्षाच्या पदरी असलेल्या एका कवीला ढोलीतून पिल्लू काढणे म्हणजे काय हे दिसले होते. तेराशे वर्षांनंतर आपण त्याच कृत्याला टॉवेलात गुंडाळून त्याचे छायाचित्र काढतो आणि डोळे ओले करतो.

पैदास करणाऱ्याचे घर म्हणजे पंपासरोवर नव्हे, तिथे कोणी माना मुरगाळीत नाही, असे कोणी म्हणेल. मान्य. परंतु ढोलीत येणारा हात तोच आहे, आणि पंखांखाली घेऊन बसणाऱ्या बापाला तो आजही विचारीत नाही. शिवाय त्या कथेत मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, शूद्रकाच्या सभेला त्या पक्ष्याचे मोल वाटले ते त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही होते म्हणून. शुकसप्ततीतला पोपटही तसाच. प्रभावतीला सत्तर रात्री गोष्टींत गुंतवून घराबाहेर पाऊल टाकू न देणारा तो पक्षी अनुभवी, पोक्त, माणसांची नाडी ओळखणारा आहे. आपल्या साऱ्या परंपरेत मोठेपण आहे ते भूतकाळ असलेल्या पोपटाला. पिल्लाचे कौतुक ही बाजाराची देणगी आहे.

आता ‘पाके घडे कांठा न चडे’. भाजलेल्या घड्याला काठ बसत नाही, हे कुंभारकामात खरे असेल. पण निदान आम्हा बडोदेकरांनी तरी ही म्हण जपून वापरावी. मल्हाररावांना पदच्युत केल्यावर १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घ्यायचे ठरवले तेव्हा त्यांनी पाळण्यातले मूल शोधले नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून आलेला, बारा वर्षांचा, शेतात वाढलेला, अक्षरओळखही नसलेला गोपाळ त्यांनी मांडीवर घेतला. कोणत्याही दरबारी शहाण्याने त्या दिवशी म्हटले असते, घडा भाजला आहे! त्या घड्याने सहा वर्षांत इतके शिकून घेतले की, १८८१ च्या अखेरीस राज्याचा पूर्ण अधिकार त्याच्या हाती आला. १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सबंध राज्यात त्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. सयाजीराव महाराजांचे नाव पक्ष्याच्या वादात ओढतो म्हणून कोणी रागावू नये. दत्तक हा शब्द भाच्याने वापरला होता, मी नाही. ‘दत्तक घ्यायचं तर लहानच घ्यावं,’ असे तो म्हणाला, तेही सयाजीबागेच्या बाकावर बसून. मग मी तरी काय करणार!

पक्ष्यांच्याच जातीतले उदाहरण हवे असेल तर तेही आहे, आणि नेमके करड्या जातीतले. आयरीन पेपरबर्ग या विदुषीने १९७७ साली शिकागोकडील एका दुकानातून एक करडा पोपट घेतला. वय सुमारे एक वर्ष. आपण हुशार पक्षी वेचून घेतला असे कोणी म्हणू नये म्हणून त्यांनी निवडही दुकानदाराच्या माणसावर सोपवली. त्या पक्ष्याचे नाव ॲलेक्स. पन्नासांच्या आसपास वस्तूंची नावे, सात रंग, पाच आकार, सहापर्यंतची संख्या, सारखे आणि वेगळे यांतला भेद, इतके सारे तो शिकला; आणि २००७ साली, एकतिसाव्या वर्षी, तो गेला तेव्हाही त्याचे नवे धडे चालूच होते. एक वर्षाचा म्हणजे म्हातारा नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. पण पिचकारीचे वय त्याच्या केव्हाच मागे पडले होते, आणि ज्याला पुढे जगभर कीर्ती मिळाली तो पक्षी आपल्या शिक्षिकेच्या हातून पेज न पिताच तिचा झाला, एवढे तर यावरून दिसते. चिमुकल्या बजरीगारचे पाहा. वयात आलेला नर जोडी जमवताना मादीची हाक ऐकून ऐकून आपली हाक तिच्यासारखी करून घेतो. प्रौढपणी नवा आवाज उचलणे हा या कुळातल्या पक्ष्यांचा संसारधर्मच आहे. लहान वयात शिकणे सोपे जाते, हे कोणीही नाकारणार नाही. पण ‘सोपे’ आणि ‘एरवी अशक्य’ यांत फरक आहे, आणि तो न कळण्याइतकी माझी पशुवैद्य मंडळी अडाणी नाहीत.

वयाचा हिशेब तर कोणीच केलेला दिसत नाही. करडा पोपट नीट ठेवला तर चाळीस, पन्नास, क्वचित साठ वर्षेही जगतो. शिकागोजवळच्या ब्रुकफिल्ड प्राणिसंग्रहालयातला कुकी नावाचा काकाकुवा १९३३ साली जन्मला आणि २०१६ साली, त्र्याऐंशी वर्षांचा होऊन मेला. त्याला सांभाळणाऱ्या माणसांच्या कित्येक पिढ्या त्याने पाहिल्या असतील. माझा भाचा एकेचाळीस वर्षांचा आहे. आज सहा आठवड्यांचे असलेले पिल्लू ऐन तिशीत येईल तेव्हा भाचा सत्तरी ओलांडून गेलेला असेल, आणि जिच्या हट्टाने ते आणले ती मुलगी कोणत्या देशात असेल ते तिलाही आज सांगता येणार नाही. म्हणजे पिल्लू आणणारे बहुतेक लोक, नकळत, तीस वर्षांनंतरचा एक ‘राघोबा’ तयार करीत असतात. आणि तेव्हाही कोणीतरी म्हणेल, हा त्यांचा आहे, आमचा कसा होणार? ज्याला जन्मभराची सोबत द्यायची शपथ पिल्लू घेताना वाहिली जाते, त्याला पुढे नाकारण्याचे कारणही त्याच शपथेतून निघते, हा या सगळ्या विचारातला उलटा पेच आहे. शुकनलिकान्यायात नळीला पोपट धरून बसतो आणि नळीने मला धरले म्हणतो. इथे माणसाची तीच गत आहे. ‘पिल्लाशिवाय माया नाही’ ही नळी त्यानेच धरली आहे.

आता वाढलेल्या पक्ष्याचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर माझ्यात आणि पैदास करणाऱ्यात फरक काय राहिला? राघोबा संत नाही. स्नेह्यांच्या लाडामुळे त्याला सूर्यफुलाच्या बिया आणि चहात बुडवलेले बिस्कीट यांखेरीज अन्न ठाऊक नव्हते. दोन्ही त्याच्या यकृताला घातक. स्नेही गेल्यानंतरच्या दोन महिन्यांत त्याने छातीवरची पिसे उपटून काढली. आजही तिथे तळहाताएवढी जागा उघडी आहे. पहाटे तो असा ओरडतो की, वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड आम्हांला दुवा देत असेल असे वाटत नाही. कागदांचीही गोष्ट आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी जातींची सरकारदरबारी नोंद लागते, आणि पक्षी एका घरातून दुसऱ्या घरात गेला की तेही कळवावे लागते. स्नेह्यांनी २०२० सालच्या योजनेतच नोंद करून ठेवली होती म्हणून आमचे निभावले. ज्याच्या मालकाने केली नसेल त्याला घेताना विचार केलेला बरा. आणि कोणताही नवा पक्षी, मोठा किंवा लहान, वैद्याकडून तपासून घेतल्यावाचून घरात आणू नये. पोपटाच्या श्वासातून माणसालाही लागणारा रोग असतो.

परंतु यांतला कोणता दोष वयाचा आहे? बिया माणसाने चारल्या. पिसे विरहाने गेली. कॅलिफोर्नियात ॲमेझॉन जातीच्या पोपटांची तरुण पिल्ले काही एकटी, काही जोडीने ठेवून पाहण्यात आली. ते प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाले आहेत. एकट्या पक्ष्यांत पिंजऱ्यातल्या पिंजऱ्यात त्याच त्या येरझारा घालण्याचे खूळ वाढले, जोडीतल्यांत ते दिसले नाही. दोष एकटेपणाचा होता. दिवसभर रिकाम्या घरात ठेवलेले पिल्लूही चार वर्षांत छाती उघडी करून बसेल. माझ्या भाच्याचे घर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहापर्यंत बंद असते, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

आणखी एक पक्ष आहे, आणि त्याच्याविषयी मला आदर आहे. तो म्हणतो, पोपट पाळूच नये. लहान नको आणि मोठाही नको. याच गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०११ साली पक्ष्यांना मोकळ्या आकाशात राहण्याचा हक्क आहे असे म्हटले, आणि दिल्लीच्या न्यायालयाने २०१५ साली त्याच अर्थाचे उद्गार काढले. तत्त्व मला मान्य आहे. पण म्हणून राघोबाला सयाजीबागेत नेऊन सोडायचे काय? तो पिंजऱ्यात जन्मला. त्याचे रान समुद्रापलीकडे, काँगो-कॅमेरूनकडे. इथल्या कावळ्यांनी त्याला अर्ध्या तासात लोळवला असता. जो जीव आधीच आपल्यात आणून ठेवला आहे त्याला आपल्यातच जागा दिली पाहिजे. आणि हाच दोन निवडींतला खरा भेद आहे, जो ‘आपला-त्यांचा’च्या गोंधळात कोणाच्या ध्यानात येत नाही. पिल्लू विकत घेतले की एक ढोली रिकामी होते आणि ती भरण्यासाठी दुसरे अंडे मागितले जाते. तुमचे पैसे म्हणजे पुढच्या पिल्लाची मागणी. वाढलेला पक्षी घेतल्याने कुठलीही ढोली रिकामी होत नाही. करड्या पोपटांची रानांतून इतकी लूट झाली की, २०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत राष्ट्रांना त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचा ठराव करावा लागला. ही जात शौकीन मंडळींच्या प्रेमाने मरत होती. त्या प्रेमाचा एक तुकडा आमच्या घरात पोहोचला असेल तर तो पिल्लाच्या खरेदीवर खर्च व्हावा, हे मला पटत नाही.

भाचेसुनेचा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेला नाही. ती म्हणाली, ‘मामा, तो काकांच्या आवाजात बोलतो. मेलेल्या माणसाचा आवाज रोज घरात ऐकायचा, मला भीती वाटते.’ हे खरे आहे. राघोबा खोकतो तो स्नेह्यांचा खोकला. ‘अगं, चहा!’ म्हणतो ते त्यांच्याच सुरात, शेवटचा ‘हा’ जरा ओढून. वहिनींनी पक्षी द्यायचे ठरवले त्यात दम्याचा भाग अर्धा. उरलेला अर्धा हा होता. निरोपाच्या दिवशी त्या पिंजऱ्यापाशी आल्या नाहीत. स्वयंपाकघरातच उभ्या राहिल्या. पिंजरा उचलताना राघोबा ‘येतो गं’ म्हणाला, जसे ते रोज भाजी आणायला जाताना म्हणत. त्या बाईंना काय झाले असेल ते मी लिहीत नाही. पण भीतीला उत्तर असे आहे की, हा पक्षी म्हणजे कोरी पाटी नव्हे, आणि कोरी पाटीच हवी असा आग्रह हा प्रेमाचा नसून मालकीचा आहे. आम्ही परप्रांतातली मराठी माणसे. आमच्या बोलण्यात आजोबांच्या गावचे हेल आहेत, शेजाऱ्यांची गुजराती आहे, शाळेतली हिंदी आहे, आणि यांतले काहीही न पुसता या शहराने आम्हांला आपले म्हटले. पक्ष्याकडूनच आम्ही सारे पुसून येण्याची अपेक्षा का करावी?

राघोबा सध्या माझ्याकडे आहे. मी अडुसष्ट वर्षांचा, तो तेवीस वर्षांचा; हिशेबाने ही जोडीही बरोबर नाही, हे मला कळते. म्हणूनच त्याच्यासाठी भाच्याचे घर हवे आहे, आणि म्हणूनच हे सारे लिहिणे. पिल्लाची आगाऊ रक्कम येत्या रविवारी द्यायची आहे. त्याआधी शनिवारी मुलीला घेऊन ये, दोन तास बस आणि मग ठरव, एवढे भाच्याकडून कबूल करून घेतले आहे. बियांऐवजी राघोबा आता पेरू, भिजवलेले हरभरे आणि मिरची खाऊ लागला आहे; छातीवर करडी लव दिसते. माझ्या बायकोकडून त्याने ‘अहो, ऐकलं का?’ एवढे नवे उचलले आहे. ते मात्र तिच्या आवाजात. रात्री साडेनऊ वाजले की स्नेह्यांच्या आवाजात तो विचारतो, ‘कडी लावली का?’ पहिले काही दिवस आम्ही दोघेही दचकत होतो. आता बायको उठून दाराकडे जाते आणि पाहून येते. परवा कडी खरोखरच राहिली होती.